तेलाच्या देशातला किराणा (नायजेरिया)

लेगोसकर

शेजारच्या एका धाग्यावर परवा कुणीतरी लिहिलं, "नायजेरियाला काय कमी आहे? तेल विकायचं आणि बसून खायचं." तिथेच उत्तर लिहायला घेतलं, पण ते फारच लांबलं. म्हणून वेगळा धागा.

मी इथे लेगोसला घरगुती मालाच्या वितरणात आहे. साबण, नूडल्स, दूध पावडर, टोमॅटो पेस्ट. आकडेमोड तज्ज्ञांनी करावी, मला दिसतं ते बाजारात काय खपलं आणि काय धूळ खात पडलं एवढंच. त्यावरून एक मत मात्र पक्कं झालंय. कच्च्या तेलाचा जगातला भाव इथल्या माणसाला पेट्रोल पंपावर कधी नीट कळलाच नाही. तो त्याला कळतो पावात, दुधाच्या पुडीत आणि औषधाच्या दुकानात. आणि तोही उलटा: तेल उतरलं की पाव महाग.

आधी बाजार कसा आहे ते सांगतो. मॉल आहेत, नाही असं नाही. शॉपराइट ही दक्षिण आफ्रिकेची साखळी २००५ मध्ये आली आणि मूळ कंपनी २०२१ मध्ये इथला धंदा विकून निघून गेली. खरी विक्री उघड्या बाजारात होते. लेगोस आयलंडवर बालोगन आणि इदुमोता, टीव्ही-फ्रिजला अलाबा, मोबाइलला इकेजातलं कॉम्प्युटर व्हिलेज, भाजीपाल्याला माइल १२. पूर्वेकडे नायजर नदीकाठी ओनित्शा. जुन्या कपड्यांचा, म्हणजे 'ओक्रिका'चा, बाजार वेगळा आणि परदेशातून वापरून आलेल्या 'टोकुन्बो' गाड्यांचा वेगळा. आमचा माल इदुमोताच्या ठोक व्यापाऱ्याकडे जातो, तिथून उपनगरातल्या छोट्या व्यापाऱ्याकडे, आणि शेवटी गल्लीच्या तोंडाशी टेबल टाकून बसलेल्या बाईकडे. ती बाई हेच आमचं खरं दुकान.

तिच्या टेबलावर बहुतेक सगळं पुडीत असतं. दूध पावडर, कोको पावडर, टोमॅटो पेस्ट, कपडे धुण्याची पावडर, अगदी दारूसुद्धा. पाणी अर्ध्या लिटरच्या सीलबंद प्लास्टिक पिशवीत, त्याला 'प्युअर वॉटर' म्हणतात. डबा किंवा बाटली घेणारं गिऱ्हाईक वर्षागणिक कमी होत गेलं. पूर्वी महिन्याचा डबा नेणारं कुटुंब आठवड्याच्या पाकिटावर आलं आणि आता रोज सकाळी एका पुडीवर. किलोचा हिशेब केला तर पुडी बहुतेक वेळा महागच पडते. तिला ते माहीत नाही असं समजू नका. पण हातात आजचेच पैसे असतात.

आता यात तेल कुठून आलं? पावाचा आणि नूडल्सचा गहू इथे जवळजवळ पिकत नाही, तो आयात होतो. दूध पावडर आयात. पुडीच्या प्लास्टिकचा कच्चा माल, औषधं, जनरेटरचे सुटे भाग, सगळं आयात. त्यासाठी डॉलर लागतात, आणि कित्येक दशकं निर्यातीतला ८० ते ९० टक्के वाटा खनिज तेल आणि वायूचा. म्हणजे देशात डॉलर येण्याचं दार एकच. तेल उतरलं की ते दार किलकिलं होतं आणि पुडी अजून बारीक होते.

२०१४ च्या मध्याला तेल शंभर डॉलरच्या वर होतं. २०१६ च्या सुरुवातीला तिशीच्याही खाली गेलं. मध्यवर्ती बँकेने जून २०१६ पर्यंत डॉलरचा सरकारी दर २०० नायराच्या (नायरा म्हणजे इथलं चलन) आत धरून ठेवला. रस्त्यावरचा, म्हणजे काळ्या बाजारातला, दर कुठच्या कुठे. सरकारी दराने डॉलर मिळेना, आणि रस्त्यावरून घ्यायचा तर माल परवडेना. कारखाने कच्च्या मालाअभावी अडकले. त्या वर्षी अर्थव्यवस्था आकसली, २५ वर्षांत पहिल्यांदाच.

त्याआधी जून २०१५ मध्ये बँकेने ४१ वस्तूंची यादी काढली होती, यांच्या आयातीला सरकारी बाजारातला डॉलर मिळणार नाही म्हणून. तांदूळ, टोमॅटो पेस्ट, टूथपिक, कपडे, फरशा, खासगी विमानं, आणि चक्क भारतीय उदबत्ती! गणपतीच्या आरतीपर्यंत तेलाचा भाव असा पोहोचतो. ही बंदी उठायला ऑक्टोबर २०२३ उजाडला.

२०२३ बद्दल सविस्तर लिहितो, आधी कुणाला काय विचारायचं असेल तर विचारा.

टवाळ_कार्टा

उदबत्ती आणि खासगी विमान एकाच यादीत! यादी करणाऱ्याच्या घरी दोन्ही भरपूर असणार.

पुढील भागाच्या प्रतीक्षेत.

वाळूजवाला

धाग्याबद्दल आभार. आमचं वाळूज एमआयडीसीत छोटं वर्कशॉप आहे, दुचाकीचे काही भाग बनवतो. बजाजची बॉक्सर मोटरसायकल इथल्या रस्त्यावर फारशी दिसत नाही, पण आमच्या कामगारांची दिवाळी कशी जाणार हे बऱ्यापैकी त्या गाडीवर ठरतं. २०२३ च्या सुरुवातीला मालाच्या मागणीची वेळापत्रकं अशी काही खाली आली की आम्हाला वाटलं पैसे देणाराच बुडाला. वर चौकशी केली तर एकच उत्तर, "नायजेरियात निवडणूक आहे आणि नोटा नाहीत." निवडणूक समजली. नोटा नाहीत म्हणजे काय?

लेगोसकर

@वाळूजवाला, तुमची बॉक्सर इथे रस्तोरस्ती आहे. मोटरसायकल टॅक्सीला 'ओकाडा' म्हणतात, आणि ओकाडा म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यापुढे बॉक्सरच येते. तीनचाकीला 'केके नापेप', सरकारच्या गरिबी निर्मूलन कार्यक्रमातून रिक्षा वाटल्या गेल्या त्याचं हे नाव. बजाज ऑटोसाठी नायजेरिया अनेक वर्षं परदेशातली सगळ्यात मोठी बाजारपेठ होती. लेगोस राज्याने २०२० मध्ये आणि पुन्हा २०२२ मध्ये बऱ्याच भागांतून ओकाडा हद्दपार केल्या, पण इतर बऱ्याच राज्यांत त्याच चालतात. गाडी घेणारा हा हप्त्यावर घेऊन रोजच्या कमाईतून फेडणारा तरुण. नोटा आटल्या की पहिला तोच थांबतो.

नोटांचं असं झालं. ऑक्टोबर २०२२ मध्ये मध्यवर्ती बँकेने जाहीर केलं की २००, ५०० आणि १००० नायराच्या नोटा नव्या रंगात येणार आणि जुन्या जानेवारीअखेर बाद होणार. आपल्याकडचा नोव्हेंबर २०१६ आठवा. जुन्या जमा झाल्या, नव्या आल्याच नाहीत. मुदत दहा दिवस वाढली, मग प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि मार्चमध्ये निकाल आला की जुन्या नोटा वर्षअखेरपर्यंत चालतील. मधल्या काळात लोक नोटा विकत घेत होते! कोपऱ्यावर छत्रीखाली कार्ड मशीन घेऊन बसलेला एजंट शंभर नायरा रोख द्यायला वीस-वीस नायरा कापायचा. माइल १२ ला टोमॅटो सडत होते, कारण उत्तरेतून माल घेऊन आलेला ट्रकवाला रोख मागायचा आणि रोख कुणाकडेच नव्हती.

त्यातून एक गोष्ट झाली, ओपे, मोनीपॉइंट, पामपे या मोबाइलवरून पैसे पाठवायच्या कंपन्यांचं नशीब उघडलं. आज टेबलवाली बाईसुद्धा खाते क्रमांक पाठीमागच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवते.

मंदार_ठाणे

एक मूलभूत प्रश्न. ज्या देशातून तेल निघतं, त्याला पेट्रोल महाग का पडावं? आणि आयात का करावं लागावं? आखातात तर पाण्याच्या भावात मिळतं.

लेगोसकर

हा प्रश्न इथला टॅक्सीवालाही रोज विचारतो, मंदारराव.

तेल १९५६ मध्ये ओलोइबिरीला सापडलं, नायजर नदीच्या त्रिभुज प्रदेशात. सरकारी रिफायनऱ्या झाल्या पोर्ट हारकोर्ट, वारी आणि कादुना इथे. त्या वर्षानुवर्षं दुरुस्तीत आहेत. खर्च दर वर्षी होतो, पेट्रोल निघत नाही. मग कच्चं तेल बाहेर पाठवायचं आणि त्या बदल्यात पेट्रोल आणायचं. ते डॉलरच्या भावाने येणार, पण २०२३ पर्यंत विकायचं दोनशे नायराच्या आत. मधली तूट सरकारी तेल कंपनीने सोसायची.

गंमत बघा. २०२२ मध्ये युक्रेन युद्धामुळे तेल भडकलं. तेल विकणाऱ्या देशाची दिवाळी असायला हवी होती. पण जितकं तेल महाग तितकी पेट्रोलची तूट मोठी. त्या वर्षी सरकारी तेल कंपनीकडून देशाच्या सामायिक तिजोरीत बहुतेक महिने काहीच आलं नाही. शिवाय चोरी. ऑगस्ट २०२२ मध्ये उत्पादन दिवसाला दहा लाख पिंपांच्या खाली गेलं, आणि त्याच ऑक्टोबरमध्ये फोर्काडोस टर्मिनलपासून समुद्रात जाणारी सुमारे चार किलोमीटरची बेकायदा पाइपलाइन सापडली. ती नऊ वर्षं चालू होती म्हणे. चार किलोमीटर! आपल्याकडे नळाला कुणी मोटर लावली तरी शेजारी ओरडतो.

आता लेगोसजवळ लेकी नावाच्या भागात डांगोटे या उद्योगपतींची रिफायनरी उभी आहे. दिवसाला साडेसहा लाख पिंपांची क्षमता, उद्घाटन मे २०२३ ला, पेट्रोल यायला लागलं सप्टेंबर २०२४ पासून. तिलाही देशातलं कच्चं तेल पुरेसं मिळेना म्हणून अमेरिकेतून मागवावं लागलं. पण त्यामुळे फरक पडलाय, रांगा कमी झाल्या.

अर्थाअर्थी

चांगला धागा. लेगोसकरांच्या "दार एकच" मध्ये थोडी भर.

हे दार एकच मुळात नव्हतं. साठच्या दशकापर्यंत कानोला शेंगदाण्याच्या पोत्यांचे पिरॅमिड रचलेले असत, पश्चिमेकडून कोको, पूर्वेकडून पामतेल. १९७३ च्या तेलसंकटानंतर पैसा एवढा आला की चलन महाग राहिलं, आयात स्वस्त झाली आणि शेती करणं हा तोट्याचा उद्योग ठरला. १९७३ च्या जानेवारीत नायरा सुरू झाला तेव्हा एका नायराला दीड डॉलर मिळत होता. २०२५ मध्ये एका डॉलरला दीड हजार नायरा पडत होते.

त्या काळातला माझा आवडता किस्सा सिमेंटचा. १९७५ मध्ये सरकारी खात्यांनी मिळून जवळपास दोन कोटी टन सिमेंट मागवलं. लेगोस बंदराची ताकद वर्षाला दहा लाख टनांची. शेकडो जहाजं बाहेर नांगर टाकून उभी, सरकार त्यांना थांबण्याचा दंड भरतंय आणि आत सिमेंट दगड होतंय. काही जहाजं म्हणे त्या दंडासाठीच आली होती.

बाकी, २०२३ मध्ये नव्या राष्ट्राध्यक्षांनी पेट्रोलवरचं अनुदान बंद केलं ते माझ्या मते योग्यच होतं. एका वर्षात चार लाख कोटी नायरांहून जास्त रक्कम पेट्रोलवर जाळायची, त्यातलं कितीतरी पेट्रोल बेनिन आणि टोगोत तस्करीने जायचं आणि सगळ्यात जास्त फायदा दोन गाड्या असलेल्याला. डॉलरच्या दोन दरांचंही तेच. वशिल्याने सरकारी दरात घ्यायचा आणि दुसऱ्या दिवशी रस्त्यावर विकायचा, याला उद्योग म्हणत नाहीत.

लेगोसकर

@अर्थाअर्थी, कागदावर सगळं मान्य. मी गल्ल्यावरचं सांगतो.

२९ मे २०२३ ला शपथविधीच्या भाषणातच टिनुबूंनी अनुदान संपल्याचं सांगितलं. भाषण संपेपर्यंत पंपांवर रांगा. दोनशेच्या आतलं पेट्रोल दोन दिवसांत पाचशेच्या आसपास, जुलैत ६१७, आणि २०२४ च्या ऑक्टोबरात हजाराच्या घरात. जूनच्या मध्याला डॉलरचे दर एकत्र केले. ४७० च्या आसपासचा डॉलर लगेच साडेसातशे, फेब्रुवारी २०२४ मध्ये दीड हजाराच्या वर. म्हणजे नऊ महिन्यांत पेट्रोल तिप्पट आणि डॉलरही तिप्पट.

पेट्रोल इथे फक्त गाडीत जात नाही. वीस कोटींहून जास्त लोकांच्या देशात ग्रिडवर वीज असते चार-पाच हजार मेगावॅट. महाराष्ट्राची एकट्याची मागणी याच्या कितीतरी पट आहे. त्यामुळे न्हाव्यापासून थंड पेयं विकणाऱ्या बाईपर्यंत सगळ्यांचा छोटा जनरेटर. त्याला 'आय बेटर पास माय नेबर' म्हणतात, शेजाऱ्यापेक्षा मी बरा. पेट्रोल वाढलं की तिचा फ्रीझर बंद, फ्रीझर बंद की आमचं थंड पेयांचं आणि आइस्क्रीमचं खातं बंद. एप्रिल २०२४ मध्ये ज्यांना दिवसाला वीस तास वीज मिळते अशा ग्राहकांचा दर युनिटला ६८ वरून २२५ नायरा केला. लोकांनी वीस तास मोजायला सुरुवात केली, आणि भांडायलाही.

आता पगार. किमान वेतन २०१९ पासून महिना ३०,००० नायरा होतं. तेव्हाच्या दराने साधारण ८० डॉलर. जुलै २०२४ मध्ये ते ७०,००० झालं, आणि नव्या दराने ते भरले ४५ डॉलर. दुपटीहून जास्त वाढवून निम्म्यावर आलं! अनुदान काढायचं होतं तर आधी बसगाड्या हव्या होत्या, शाळेत जेवण हवं होतं, थेट खात्यात काही पोचवण्याची सोय हवी होती. ते सगळं नंतर, तुकड्यातुकड्याने आलं. तुम्ही म्हणता तो दोन गाड्यावाला आता एक गाडी चालवतो. पिवळ्या डान्फो बसमधून जाणारा पायी चालायला लागला.

अर्थाअर्थी

क्रम चुकला हे मान्य. पण क्रम बरोबर करायला जी सरकारी यंत्रणा लागते, तीच पन्नास वर्षं तेलाने उभी राहू दिली नाही. लोकांकडून कर गोळा करायची गरजच नसली की लोकांची नोंद ठेवायची सवयही लागत नाही. मग थेट खात्यात पाठवणार कुणाच्या?

मृदुला_कानो

नमस्कार. मी बरीच वर्षं कानोला होते, यजमानांची कापड गिरणीत नोकरी. गिरणी आता नाही. कानो आणि कादुनाच्या बहुतेक गिरण्या गेल्या, आणि क्वारी बाजारात ठाणच्या ठाण माल चीनचा.

स्वयंपाकघराच्या बाजूने थोडं लिहिते. तिकडे धान्य वजनावर क्वचितच मिळतं. उत्तरेत 'मुडू' म्हणजे वाडगं, दक्षिणेत 'डेरिका' म्हणजे टोमॅटो पेस्टच्या डब्याचं माप आणि रंगाची रिकामी बादली, तिला नुसतं 'पेंट' म्हणतात. भाव वाढला की विक्रेती भाव वाढवण्याआधी माप बदलते. मुडूचा तळ आतून ठोकून वर आणलेला असतो, किंवा वरचा ढीग हळूच सपाट होतो. मी माझ्याकडे काम करणाऱ्या बाईंना बरोबर नेत असे, त्या हौसा भाषेत भांडायच्या आणि ढीग परत मिळवायच्या.

तांदूळ हे लग्नातलं, सणातलं अन्न होतं, ते रोजचं झालं आणि तिथेच अडचण झाली. २०२२ मध्ये ५० किलोचं पोतं तीस-पस्तीस हजारांना होतं, २०२४ च्या शेवटी लाखाच्या आसपास गेलं, असं मैत्रिणी सांगत होत्या. त्याआधी ऑगस्ट २०१९ ते डिसेंबर २०२० जमिनीवरच्या सीमाच बंद केल्या होत्या, तांदळाची तस्करी थांबावी म्हणून. आता हा तांदूळ कुठला? बराचसा आपलाच, भारतातला उकडा! जहाजाने बेनिनच्या कोटोनू बंदरात उतरतो. एवढासा देश, पण आपल्या उकड्या तांदळाच्या मोठ्या गिऱ्हाइकांपैकी एक. तो सगळा तांदूळ बेनिनमधले लोक खातात यावर कुणाचाच विश्वास नाही.

आणि टोमॅटो. त्यांचा जोलोफ भात टोमॅटोशिवाय होत नाही. २०१६ मध्ये कादुनाकडे अळी पडली, टुटा नावाची. लोकांनी तिला 'टोमॅटो इबोला' म्हटलं. टोपलीचे भाव असे चढले की दुकानातून टोमॅटो पेस्टची पुडीसुद्धा गायब. आणि पेस्टला डॉलर नाही, कारण ती त्या ४१ वस्तूंत!

भिशीही आहे बरं का. दक्षिणेत तिला 'आजो' किंवा 'एसुसू' म्हणतात. बाजारातल्या बायका रोज थोडे पैसे गोळा करणाऱ्याकडे देतात. माझ्या ओळखीच्या एकीची भिशी २०२४ मध्ये लागली तेव्हा ज्या फ्रीझरसाठी ती भरत होती, त्याच्या किमतीला ती रक्कम पुरली नाही. तिने दोन पोती तांदूळ घेऊन ठेवले. म्हणाली, पैसे ठेवण्यापेक्षा हे बरं.

टवाळ_कार्टा

मृदुलाताई, मापाचा तळ ठोकायची विद्या आमच्या मंडईतल्या जुन्या लोकांनाही येत होती. डिजिटल काटा आला आणि एक कला गेली. (हलके घ्या.)

लुआंडा_रिटर्न

मृदुलाताईंचा प्रतिसाद वाचून अंगोला आठवला. मी लुआंडात होतो. तिथे भिशीला 'किशिकिला' म्हणतात, आणि डॉलर बदलणाऱ्या बायकांना 'किंगिला'. रस्त्याच्या कडेला नोटांची बंडलं घेऊन बसतात. बँकेचा दर बघायचा तो गंमत म्हणून, खरा दर किंगिलाला विचारायचा. पाटी डोक्यावर घेऊन हिंडणाऱ्या विक्रेत्या 'झुंगेरा'. पोलिस मागे लागले की पाटीसकट धूम.

अंगोलाचं दार नायजेरियाहूनही अरुंद, निर्यातीत ९० टक्क्यांहून जास्त तेल. तेल शंभरावर असताना लुआंडा परदेशी लोकांसाठी जगातलं सर्वांत महाग शहर म्हणून यादीत पहिलं यायचं. सुपरमार्केटात पोर्तुगालचं पाणी, पोर्तुगालची द्राक्षं. चिनी कर्जाने रस्ते आणि वसाहती झाल्या, परतफेड तेलात. मग २०१४ नंतर हवा गेली. तेव्हा डॉलरला शंभराच्या आत असलेला क्वान्झा आता नऊशेच्या पुढे आहे.

तिथेही इंधनाचं अनुदान हळूहळू काढतायत. जून २०२३ मध्ये पेट्रोल १६० वरून ३०० क्वान्झा केलं. जुलै २०२५ मध्ये डिझेल ३०० वरून ४०० झालं, तेव्हा निळ्या-पांढऱ्या टॅक्सीवाल्यांचा संप, मग दुकानांची लूट, गोळीबार. तीसच्या आसपास माणसं गेली. लुटलं काय, तर तांदूळ, खायचं तेल, साखर.

एक फरक मात्र वाटतो. नायजेरियात बनवणारे लोक आहेत. अंगोलात युद्धाने तेही ठेवलं नव्हतं, २००२ पर्यंत चाललं ते.

लेगोसकर

@लुआंडा_रिटर्न, फरक बरोबर पकडलात. इथल्या कारखानदारीबद्दल लिहायचं राहिलं होतं.

२०२३-२४ मध्ये मोठ्या कंपन्या रांगेने गेल्या. ग्लॅक्सोस्मिथक्लाइनने ऑगस्ट २०२३ मध्ये जाहीर केलं, प्रॉक्टर अँड गॅम्बलने डिसेंबरात इथलं उत्पादन बंद करून फक्त आयात करायचं ठरवलं, २०२४ मध्ये किंबर्ली-क्लार्क, आणि डियाजिओने गिनेस नायजेरिया या बिअर कंपनीतला हिस्सा विकला. कारण साधारण सारखंच. नफा नायरात होतो, कर्ज आणि कच्चा माल डॉलरात. दर तिप्पट झाला की वर्षभराचा नफा एका रात्रीत तोटा होतो. नफा देशाबाहेर न्यायचा तर डॉलर मिळत नाही. विमान कंपन्यांचे तिकिटांचे पैसेही अडकले होते, एमिरेट्सने त्यापायी २०२२ मध्ये उड्डाणं थांबवली आणि ऑक्टोबर २०२४ ला परत सुरू केली.

सर्वांत वाईट झालं औषधांचं. ग्लॅक्सो गेल्यावर दम्याचा पंप आणि नेहमीचं अँटिबायोटिक यांचे भाव कित्येक पट झाले. आमच्या ड्रायव्हरच्या मुलाला दमा आहे. इथून जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येकाच्या बॅगेत तेव्हा मुंबईहून घेतलेले दोन-चार पंप असायचे.

पण गिनेसचा हिस्सा घेतला कुणी? तोलाराम समूहाने. मूळचं सिंधी कुटुंब, इंडोनेशियातल्या मलांगमध्ये १९४८ ला धंदा सुरू केलेलं, आता मुख्यालय सिंगापूरला. त्यांनीच १९८८ मध्ये इंडोमी नूडल्स इथे आणल्या, जेव्हा नूडल्स काय असतात हे कुणाला माहीत नव्हतं, आणि नव्वदच्या दशकात इथेच कारखाना टाकला. पुढे पिठाची गिरणी, पाकिटाचं प्लास्टिक, स्वतःचे ट्रक, आणि लेकीच्या खोल समुद्रातल्या बंदरातही भागीदारी. बाहेरून डॉलरात घ्यायच्या वस्तू एकेक करून कमी करत नेल्या. जे गेले त्यांच्यातले बरेच जण तयार माल किंवा अर्धा माल आणून भरत होते.

आणि टेबलावरचं गणित त्यांना समजतं. नाणी कधीच चलनातून गेली, त्यामुळे भाव ५० किंवा १०० नायराच्या टप्प्यानेच वाढवता येतो. पुडीची किंमत शंभरावर धरायची आणि आतले ग्रॅम कमी करायचे, की दीडशे करून ग्रॅम तेवढेच ठेवायचे, यावर आमच्याकडे तासन् तास बैठका होतात. ग्रॅम कमी केले तर पहिल्या महिन्यात कुणी बोलत नाही. मग शेजारचा ब्रँड पुडीवर 'जास्त भरलेली' असं छापतो आणि आम्ही परत बैठकीला.

त्यानंतरची स्थिती: २०२५ मध्ये डॉलर दीड हजाराच्या आसपास टेकला, रोज उठून दर विचारावा लागेना. महागाईचा दर डिसेंबर २०२४ मध्ये ३४.८ टक्के होता. जानेवारी २०२५ पासून मोजणीचं आधारवर्ष बदललं म्हणून तो एकदम २४ च्या घरात दिसला, आणि नंतर खरोखरही उतरला. तांदळाचं पोतंही खाली आलं, आयात थोडी खुली केली होती त्यामुळे. पण भाव उतरल्यावर डबा घेणारं गिऱ्हाईक परत आलं का? आमच्या विक्रीत तरी नाही. पुडीच चालतेय.

वाळूजवाला

ही माहिती आमच्या असोसिएशनच्या ग्रुपवर टाकतोय, चालेल ना? २०२३ नंतर आम्ही एकाच देशाच्या भरवशावर नवीन मशीन घ्यायचं नाही असं ठरवलंय. लॅटिन अमेरिकेच्या ऑर्डरींनी बरंच सावरलं.

लेगोसकर

जरूर टाका.

नलूमावशी

सगळा धागा वाचला, निम्मं कळलं. माझ्या भाच्याला लेगोसच्या एका प्लास्टिक कारखान्यात नोकरी चालून आली आहे, शिफ्ट इनचार्जची. मुलाखत झाली, होकार कळवायचा आहे. बहीण घाबरली आहे. पगाराचा आकडा नायरात सांगितलाय, ऐकायला फार मोठा वाटतो. काय विचारून घ्यावं?

लेगोसकर

मावशी, घाबरू नका, इथे आपली माणसं पुष्कळ आहेत. कारखान्यांतून भारतीय इंजिनिअर सगळीकडे दिसतील, आणि गणपतीही बसतो.

भाच्याला सांगा, आकड्याकडे बघू नकोस, चलन विचार. बऱ्याच कंपन्या पगाराचा मोठा भाग डॉलरात ठरवून भारतातल्या खात्यात रुपयांत देतात आणि इथल्या खर्चापुरते नायरा हातात. तसं लेखी हवं. सगळाच पगार नायरात असेल तर मी तरी नाही म्हणेन. घर, जनरेटरचं डिझेल, गाडी आणि ड्रायव्हर कंपनीचे आहेत का हे स्वतंत्र विचारावं, कारण डिझेलचा खर्च स्वतःवर आला तर पगाराचं काही उरत नाही. परदेशी माणूस कामावर ठेवायचा कोटा आणि सेर्पॅक कार्ड, म्हणजे इथे राहण्याचा परवाना, कंपनी काढून देणार का, वर्षातून एकदा घरी यायचं तिकीट आणि मेडिकल आहे का. निघण्याआधी पिवळ्या तापाची लस घेऊन तिचं कार्ड पासपोर्टबरोबर ठेवायचं, परत येताना मुंबईलाही तपासतात.

कारखान्याचं नाव इथे लिहू नका, मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. बाजारात चौकशी करून सांगतो.

नलूमावशी

व्यनि केलाय. पगार अर्धा-अर्धा आहे असं तो आत्ता फोनवर म्हणाला, पण डॉलरचा भाग "त्या दिवशीच्या दराने नायरात" देणार असं पत्रात लिहिलंय. म्हणजे काय हो?

लेगोसकर

म्हणजे कोणत्या दराने, ते आधी लिहून घ्यायचं. आणि शक्यतो ती ओळच काढून टाकायला सांगायचं.